पाचवा इंडियाना जोन्स आणि वयावर काढलेला उगाचचा राग

आमच्या मित्रमंडळींत इंडियाना जोन्सचा, म्हणजे हॅरिसन फोर्डने केलेल्या हॉलिवूडच्या त्या साहसी पुरातत्त्वज्ञाचा, विषय निघाला की वाद ठरलेला, आणि २०२३ ला डायल ऑफ डेस्टिनी आल्यापासून त्या वादाला नवीनच फाटा फुटलाय, की हा पाचवा भाग आधीच्या चारांच्या रांगेत नेमका बसवायचा कुठे. एकजण म्हणतो चौथ्यापेक्षा बरा आहे, दुसरा म्हणतो चौथा निदान स्पीलबर्गचा तरी होता (पहिले चारही त्यानेच डायरेक्ट केलेत), आणि एक मैत्रीण आहे तिचं म्हणणं असं की तिसऱ्या भागाच्या, लास्ट क्रुसेडच्या शेवटी चौघंजण घोड्यांवरून मावळतीकडे निघून गेले तिथेच गोष्ट संपली, त्यापुढचं मी धरतच नाही. तिघांचंही मला थोडंथोडं पटतं. पण एक वाक्य सगळेच बोलतात आणि ते मात्र मला अजिबात पटत नाही, ते म्हणजे "अरे ऐंशी वर्षांच्या माणसाकडून काय होणार".

(पुढे पाचही पिक्चरच्या शेवटाबद्दल बोललोय, तेव्हा पाहिले नसतील तर आधी बघून या.)

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. पाचवा भाग जिथे जिथे म्हातारपण लपवत नाही तिथे तो खरंच चांगला आहे, काही ठिकाणी तर फारच चांगला आहे, आणि जिथे तो पडतो तिथे एक तर त्याने वय लपवलंय नाहीतर म्हाताऱ्या माणसाच्या हातातून निर्णय काढून घेतलाय. वयाने पिक्चर मारलेला नाही, वयाला घाबरून मारलाय.

आता वयाचं बोलतोच आहोत तर एक गोष्ट बघा. लास्ट क्रुसेडमध्ये शॉन कॉनरी हॅरिसन फोर्डचा बाप झालाय, आणि कॉनरी त्याच्यापेक्षा फक्त १२ वर्षांनी मोठा, १९३० चा जन्म, फोर्डचा १९४२ चा. म्हणजे तो पिक्चर शूट होत होता तेव्हा हा "म्हातारा बाप" साठीलाही पोचला नव्हता. आणि चौथा भाग, क्रिस्टल स्कल, २००७ ला शूट झाला तेव्हा फोर्ड पासष्टीला आलेला, म्हणजे ज्या बापाची आपण टोपी आणि छत्री बघून मजा घेतली त्याच्यापेक्षा मुलगाच मोठा झाला होता. पाचव्याच्या शूटिंगला तर तो ७९ चा होता. तरी कॉनरीचा हेन्री जोन्स आपल्याला का आवडतो? कारण त्याला कुणी तरुण करायला गेलं नाही. तो छत्री उघडून समुद्रकिनाऱ्यावरचे पक्षी उडवतो आणि त्या पक्ष्यांमुळे विमान पडतं, मारामारी न करता, डोक्याने, आणि वर त्याचा स्वतःलाच केवढा आनंद होतो. म्हाताऱ्या माणसाचा ॲक्शन सीन कसा लिहायचा याचं उत्तर याच सिरीजमध्ये १९८९ लाच देऊन ठेवलंय.

जुने तिन्ही परफेक्ट होते, हेही जरा तपासून बघायला हवं. रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क १९८१ चा, त्याबद्दल वाद नाही. पण टेम्पल ऑफ डूम? तो १९८४ ला आला तेव्हा अमेरिकेतले आईबाप चिडले होते, माणसाच्या छातीतून हृदय काढताना दाखवलंय आणि सोबत लहान मुलं बसलीयेत, त्या आणि त्याच उन्हाळ्यातल्या ग्रेमलिन्समुळे तिकडे पीजी-१३ नावाचं नवीन सर्टिफिकेट काढावं लागलं. स्पीलबर्गनेही नंतर तो फार काळोखी झाला म्हणून नाराजी बोलून दाखवलीय. आपल्यासाठी तर त्याचं दुखणं वेगळंच. भारत सरकारने शूटिंगला परवानगी दिली नाही म्हणून श्रीलंकेत शूट केलं, आणि म्हणून त्या "भारतीय" गावातली माणसं सिंहली बोलतात. राजवाड्यात जेवायला साप आणि माकडाचा मेंदू. कालीमातेच्या नावाने जे काही चाललंय ते तर बोलायलाच नको. आपल्याकडे त्यावर बंदीही आली होती. मी तो पिक्चर आवडीने बघतो, अमरीश पुरींचा मोलाराम बघताना अजूनही पाय आखडून घेतो, त्या माणसाने टक्कल करून नुसत्या डोळ्यांनी अख्खा तळघरातला भाग पेललाय, पण जेवणाचा सीन आला की दरवेळी चीड येतेच. त्यामुळे "जुने तीन विरुद्ध नवे दोन" अशी सरळ रेघ मारणाऱ्यांनी टेम्पल कुठे ठेवायचा ते आधी सांगावं. नवीन पिक्चरला आपण काल बघितल्यासारखं तपासतो आणि जुन्याला लहानपणाच्या आठवणीतून, मग तुलना कशी होणार.

तरी जुन्यांत एक गोष्ट होती जी नव्यांत कमी झाली आणि ती सीजीआय (कॉम्प्युटरवर बनवलेली दृश्यं) विरुद्ध खरे स्टंट एवढीच नाही. ती अशी की इंडीला लागतं.

रेडर्समधला ट्रकचा सीन आठवून बघा. घोड्यावरून ट्रकवर उडी, आतल्याला बाहेर फेकायचं, स्टिअरिंग हातात घ्यायचं, इथपर्यंत कुठल्याही हिरोने केलं असतं. मग मागून गोळी येते आणि त्याच्या दंडात घुसते. तो कळवळतो. आणि मग एक जर्मन सैनिक केबिनमध्ये घुसतो आणि काय करतो, तर बरोबर त्या जखमेवरच बुक्की मारतो. एकदा मारून थांबत नाही. फोर्डचा चेहरा बघा तेव्हा, हिरोचा नाहीच तो, नको रे बाबा आता असं म्हणणाऱ्या माणसाचा चेहरा आहे. मग तो काचेतून बाहेर फेकला जातो, ट्रकच्या पुढच्या भागाला लटकतो, हातातलं वाकतं, तुटतं, तो ट्रकखाली सरकत सरकत मागे जातो, चाबूक अडकवून फरपटत राहतो आणि तसाच वर चढतो. ट्रकखालचं फरपटणं टेरी लेनर्ड नावाच्या स्टंटमनने खरोखर केलेलं आहे. पण मला त्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो तो नंतरचा जहाजावरचा सीन, जिथे मॅरियन, त्याची जुनी प्रेयसी, त्याच्या जखमा पुसायला जाते आणि त्याला कुठेही हात लावला तरी दुखतं, आणि वैतागून ती विचारते मग दुखत नाही कुठे. तो कोपर दाखवतो, कपाळ दाखवतो, असं करत करत ओठांपर्यंत येतो आणि झोपून जातो. म्हणजे ट्रकच्या सीनचं बिल पिक्चरने पुढच्या सीनमध्ये चुकतं केलंय. मारामारी झाली, संपली, केस नीट करून पुढे निघाला असं नाही. आणि हा तेव्हा ३८ वर्षांचा माणूस आहे! तेव्हाच तो म्हणतो की प्रश्न वयाचा नाही, गाडी किती पळालीय त्याचा आहे. म्हणजे थकलेला माणूस हाच मुळात या सिरीजचा हिरो, म्हातारपण बाहेरून आणून चिकटवलेलं नाहीच.

याच मापाने फ्रिजचा वाद पण सुटतो असं मला वाटतं. क्रिस्टल स्कलमध्ये अणुस्फोटाच्या चाचणीत इंडी शिसं लावलेल्या फ्रिजमध्ये शिरतो आणि उडून लांब जाऊन पडतो आणि दार उघडून बाहेर येतो, त्यावरून २००८ पासून लोक शिव्या घालतायत. त्यावर चौथ्याचे समर्थक लगेच विचारतात की टेम्पलमध्ये विमानातून रबरी बोटीत बसून उडी मारली ते बरं चाललं? प्रश्न रास्त आहे, फिजिक्स दोन्हीकडे सारखंच धाब्यावर बसवलेलं. पण बोटीच्या वेळी तिघं बोंबलतायत, एकमेकांना धरतायत, बर्फावरून घसरतायत, मग कड्यावरून पुन्हा खाली, आणि आपण सगळा वेळ त्यांच्या चेहऱ्यासोबत असतो. फ्रिजमध्ये माणूस दिसतच नाही, एक डबा उडताना दिसतो. आणि बाहेर पडल्यावर त्याला काही झालेलं नाही. अंग झटकून उभा. अशक्य दोन्ही आहे, पण एकात आपण आत बसलोय आणि दुसऱ्यात लांबून बघतोय.

खरं तर त्या फ्रिजच्या आधीचा आणि लगेच नंतरचा क्षण मला फार आवडतो, ते खोटं गाव, त्यात हसत बसलेले पुतळे, चालू टीव्ही, आणि नंतर टेकडीवर उभा राहून आभाळात चढत जाणाऱ्या त्या ढगाकडे बघणारा छोटासा इंडी. ज्याने आयुष्यभर देवाच्या पेटीसाठी मारामाऱ्या केल्या त्याच्यासमोर माणसांनी बनवलेला देव उभा. चौथ्याला सरसकट टाकाऊ म्हणणारे हे विसरतात.

आता पाचवा.

सुरुवातच १९४४ ची. नाझी पळ काढतायत, लुटलेल्या वस्तूंनी भरलेली ट्रेन, आणि त्यात तरुण इंडी, म्हणजे फोर्डचाच चेहरा जुन्या फुटेजच्या मदतीने कॉम्प्युटरवर तरुण केलेला. चेहरा पाच-सहा शॉटमध्ये इतका जमलाय की अंगावर काटा येतो, नाही म्हणणार नाही. पण मग तो बोलतो, आणि आवाज ऐंशीच्या घरातल्या माणसाचा, जाडसर, दमलेला. मग तो पळतो, ट्रेनच्या टपावरून, आणि शरीर कुणाचं आहे तेच कळेनासं होतं. सगळं रात्रीचं, निळंकाळं, धुरातलं. आणि हे पाच मिनिटं नाही, वीस-पंचवीस मिनिटं चालतं! अख्खा पिक्चरच १५४ मिनिटांचा, रेडर्स ११५ चा होता. माझा खरा आक्षेप लांबीवरही नाही. ज्याला लागतं, दुखतं, तो आपला इंडी, आणि त्या ट्रेनमधल्या इंडीला लागूच शकत नाही, कारण तिथे कुणी माणूसच नाहीये जखम व्हायला. तुम्ही कितीही बुक्क्या मारा, तो चेहरा पुढच्या शॉटला परत गुळगुळीत. आमच्यातला एकजण म्हणतो की ही ट्रेन म्हणजे जुन्या फॅन्सना दिलेली भेट आहे, घे आणि गप बस. मला ती भेट नको होती. जुना इंडी बघायचा असेल तर जुना पिक्चर आहे की.

आणि मग कट होतो १९६९ ला, न्यूयॉर्क, शेजाऱ्यांच्या गाण्यांच्या दणदणाटाने दचकून जागा झालेला म्हातारा, अंगात शर्ट नाही, खुर्चीत तसाच झोपलेला, उठताना हातपाय जड, आणि हातात बॅट घेऊन भांडायला निघालाय. त्या एका सीनमध्ये पिक्चर माझ्यासाठी सुरू झाला. फोर्डने तिथे काही म्हणजे काही लपवलेलं नाही, सुटलेली कातडी, छातीवरचे पांढरे केस, सगळं समोर. मग कॉलेज. रेडर्समध्ये वर्गातल्या मुली त्याच्याकडे बघत बसायच्या, एकीने तर पापण्यांवर प्रेमाचा निरोप लिहून आणलेला, आणि इथे मुलं जांभया देतायत, कुणाला आर्किमिडीजमध्ये रस नाही, बाहेर चंद्रावरून आलेल्या माणसांची मिरवणूक निघालीय, जगाला मागे बघायचंच नाहीये. रिटायरमेंटला घड्याळ मिळतं, तो ते रस्त्यावरच कुणाला तरी देऊन टाकतो. एक शब्द न बोलता.

मधला भाग गडबडीचा आहे हे मान्य. टॅन्जिअरमधला टुकटुकचा पाठलाग संपता संपत नाही. ईल माशांचा सीन सापांची आठवण काढण्यासाठी घातलाय आणि तेवढंच त्याचं काम. इथे आमच्यातला जो स्पीलबर्गवाला आहे ना त्याचा मुद्दा अगदी खरा आहे, तो म्हणतो पाचवा केलेला जेम्स मॅनगोल्ड चांगला डायरेक्टर आहे पण स्पीलबर्गला पाठलाग म्हणजे गोष्ट सांगायची असते. चौथ्यातलाच कॉलेजच्या आवारातला मोटरसायकलचा पाठलाग बघा म्हणतो, कोण कुठे आहे, कुठून कुठे गेला, एका गाडीतून खेचला जाऊन दुसऱ्या बाजूने परत मोटरसायकलवर कसा आला, सगळं स्वच्छ दिसतं, आणि शेवटी लायब्ररीत घसरत येऊन टेबलाखाली थांबतात तर एक विद्यार्थी आपली शंका विचारतो आणि इंडी त्याला उत्तर देतो. पाचव्यात असा एकही पाठलाग नाही. खरंय. माझ्याकडे यावर उत्तर नाही आणि मी देणारही नाही.

पण मग त्या कड्याचं काय? सिसिलीतल्या सिराक्यूजजवळच्या गुहेत इंडी आणि हेलेना (त्याच्या जुन्या मित्राची मुलगी, याची मानसकन्या) भिंत चढतायत, आणि अर्ध्यात तो थांबतो, धापा टाकत, आणि बोलायला लागतो की मी इथे काय करतोय, खांदे गेलेत, मणके झिजलेत, एका पायात पट्टी दुसऱ्यात स्क्रू, आणि मग यादी वाढत जाते, कालीमातेचं रक्त प्यायलोय, जादूटोणा झालाय माझ्यावर, नऊ वेळा गोळ्या खाल्ल्यात, त्यातली एक तुझ्या बापाने घातलेली. लोक हसतात आणि हसायलाच हवं. पण त्या यादीत आपण थेटरात बसून बघितलेल्या कितीतरी गोष्टी आहेत, आणि त्या सगळ्यांचा हिशोब एका शरीरावर उतरलाय. उशिरा आलेल्या सिक्वेललाच हे करता येतं. १९८९ ला हा सीन लिहिताच आला नसता. जहाजावरच्या सीनमध्ये ट्रकचं बिल होतं, इथे चाळीस वर्षांचं आहे.

तसाच बोटीवरचा सीन. हेलेना विचारते, काळात मागे जाता आलं तर काय करशील, आणि तिला वाटतं हा म्हणेल क्लिओपात्राला बघेन वगैरे, तर तो म्हणतो की मी माझ्या मुलाला सैन्यात जाऊ देणार नाही. मुलगा व्हिएतनाममध्ये मारला गेलाय, बायकोचं, म्हणजे मॅरियनचं दुःख त्याला सांभाळता आलं नाही, घर मोडलं. मट नावाचं ते पात्र चौथ्यात कुणालाच आवडलं नव्हतं, फॅन्सनी वर्षानुवर्षं त्याची थट्टा केली, आणि पाचव्याने त्याच नावडत्या पोराचं दुःख फोर्डच्या डोळ्यांत आणून ठेवलं. आवाज न चढवता, नजर न देता बोलतो तो. मला वाटतं की पाचही पिक्चरमध्ये फोर्डचं सगळ्यात चांगलं काम हे आहे. एकजण म्हणतो लास्ट क्रुसेडमध्ये बापाला गोळी लागते तेव्हाचं. चालेल, दुसऱ्या नंबरला तो घ्या.

वस्तूही चांगली निवडलीय, ही डायल म्हणजे पिक्चरमध्ये आर्किमिडीजने बनवलेलं, काळात मागे नेणारं यंत्र. अँटिकिथेराचं यंत्र खरंच आहे, १९०१ च्या सुमाराला ग्रीक बेटाजवळ बुडालेल्या जहाजातून स्पंज काढणाऱ्या पाणबुड्यांना सापडलं, आज अथेन्सच्या म्युझियममध्ये आहे, कांस्याचे ३० गिअर हाती आलेत आणि सूर्यचंद्राच्या जागा, ग्रहणं असं सगळं त्यावर काढता यायचं. काळात भोक पाडायचं सोडा. पण रेडर्समधली पेटी, टेम्पलमधली शिळा, लास्ट क्रुसेडमधला येशूचा प्याला यांच्यानंतर देवाची नसलेली, माणसाने गणित करून बनवलेली वस्तू आली, आणि प्रोफेसर जोन्ससाठी ती चमत्कारापेक्षा मोठी आहे, हे मला फार आवडलं.

आता तो शेवट, ज्यावरून आमच्यात सगळ्यात जास्त भांडण होतं.

व्हॉलरला, म्हणजे या भागातल्या नाझी शास्त्रज्ञाला, विमान घेऊन १९३९ ला जायचंय, गणित चुकतं, आणि सगळे जाऊन पडतात इसवी सनापूर्वी २१२ मध्ये, सिराक्यूजच्या वेढ्यात. रोमन जहाजं, आग, भाले, आणि समोर आर्किमिडीज. इंडीला गोळी लागलेली आहे, रक्त जातंय, आणि तो म्हणतो मला इथेच राहायचंय. काही लोकांना हे सगळंच हास्यास्पद वाटलं, मला नाही वाटलं. आयुष्यभर ज्याने जमिनीतून तुकडे उकरून काढले त्याला अख्खं ते जग जिवंत दिसलंय, तो रडेल नाहीतर काय करेल? आणि रेडर्स आठवतोय का, घळीत तो पेटी उडवून द्यायची धमकी देतो, खांद्यावर रॉकेट लाँचर आहे, आणि त्याचा प्रतिस्पर्धी बेलॉक त्याला ओळखतो, म्हणतो आपण येऊन जाणारी माणसं, ही पेटी मात्र इतिहास आहे, उडव बघू. आणि इंडीच्याने होत नाही. हा मोह त्याचा पहिल्या पिक्चरपासूनचा आहे.

आणि दरवेळी शेवटाला तो मोह तोच सोडतो, स्वतः. रेडर्समध्ये नाझी पेटी उघडतात तेव्हा ज्या वस्तूसाठी एवढं केलं ती बघायची नाही असं तो ठरवतो, मॅरियनला म्हणतो डोळे मीट. (इंडी नसता तरी गोष्ट तीच घडली असती असा एक आवडता वाद आहे, त्याला माझं उत्तर हेच, की पेटीचं तेच झालं असतं, माणसाचं नाही.) टेम्पलमध्ये कीर्ती आणि पैशासाठी निघालेला माणूस शिळा गावाला परत देतो. लास्ट क्रुसेडमध्ये हात प्याल्यापर्यंत पोचलेला, बोटांची टोकं लागतायत, आणि आयुष्यभर ज्युनिअर म्हणणारा बाप पहिल्यांदा इंडियाना म्हणून हाक मारतो, सोड म्हणतो, आणि तो सोडतो. बाप हाक मारतो, पण ओढून घेण्याआधी निर्णय मुलाचा असतो. माझ्यासाठी अख्ख्या सिरीजचा सगळ्यात उंच क्षण. क्रिस्टल स्कलमध्ये हे हरवलं, तिथे शेवटी तो खालून वर बघत उभा आहे, मोह पडलेली दुसरीच बाई आहे, त्याला सोडण्यासारखं काही दिलेलंच नाही. माझ्या रँकिंगमध्ये चौथा खाली जातो तो या कारणाने, फ्रिजमुळे नाही.

आणि पाचव्यात? सगळ्यात मोठा मोह, सगळ्यात मोठी किंमत, सगळं मांडून ठेवलं, आणि हेलेना त्याच्या तोंडावर ठोसा मारते. अंधार. डोळे उघडतात ते न्यूयॉर्कच्या घरात.

मला थेटरात धक्का बसला होता आणि अजूनही बसतो. एक तर ज्याला इतकी वर्षं लागत आलंय त्याला हा एकच मार असा बसलाय ज्याने दुखत नाही, नुसती गोष्ट पुढे सरकते. आणि मुख्य म्हणजे त्याला ठरवू दिलं नाही. माझी मैत्रीण म्हणते की तो रक्त जाऊन मेलाच असता, आणि तसाही सिराक्यूज त्याच वर्षी पडतो, रोमन सैनिक आर्किमिडीजला मारतात, मग राहून काय करणार होता? अगं, पण हे त्याला माहीत आहे ना! प्रोफेसर आहे तो, त्या वेढ्याचं काय होतं हे त्या किनाऱ्यावर त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार. म्हणूनच त्याचं राहणं वेडेपणा नाही, तो निर्णय आहे, चुकीचा असेल, पण पूर्ण शुद्धीतला. मग त्याच शुद्धीत त्याने परत यायचं ठरवलं असतं तर? हेलेनाने फक्त एवढंच म्हटलं असतं की तिकडे तुझं माणूस आहे, आणि त्याने आर्किमिडीजकडे बघून पाऊल मागे घेतलं असतं, तर प्याला सोडण्याच्या तोडीचा क्षण झाला असता. सगळं साहित्य तयार होतं. मॅनगोल्डनेच लोगन केलाय २०१७ ला, थकलेल्या, जखमा भरेनाशा झालेल्या हिरोला त्याचा शेवट त्याच्या मनाने करू दिलाय, म्हणून तर पाचवा त्याच्याकडे गेल्याचं कळल्यावर मला इतका आनंद झाला होता.

ठोशाच्या बाजूने बोलणारे म्हणतात की म्हाताऱ्या माणसाला कधीकधी दुसऱ्यांनी ओढून आणावं लागतं, तेच खरं प्रेम, आणि नंतर मॅरियन येते, सामानाच्या पिशव्या घेऊन, आणि जहाजावरचाच तो सीन उलटा होतो, यावेळी दुखतंय ते तिला आणि कुठे दुखत नाही हे विचारतोय तो. हा सीन बघून मी रडलोय, कॅरन ॲलनचा तो थरथरता कोपर पुढे करणं, त्याबद्दल काही बोलूच नका. पण तो चांगला आहे म्हणून आधीची वाट बरोबर ठरत नाही ना. तो स्वतःहून परत आला असता तर हाच सीन दुप्पट लागला असता, कारण मग तिला कळलं असतं की इतिहास सोडून तो तिच्याकडे आला, उचलून आणून टाकला नाही.

कमाईचे आकडे घेऊन वाद घालणाऱ्यांशी मी बोलत नाही. चौथ्याने जगभरात ७९ कोटी डॉलरच्या आसपास कमावले आणि तरी लोक त्याला नावं ठेवतात, पाचव्याने साधारण ३८ कोटी, बजेटच ३० कोटींच्या घरातलं, म्हणून तो पडला. पडला हे खरं, पण वाईट आहे हे त्यातून निघत नाही. आणि जॉन विल्यम्सचं नाव काढायचं राहूनच जात होतं, पाचही पिक्चरचं संगीत त्याचंच, पाचव्याच्या वेळी नव्वदी ओलांडलेली, आणि हेलेनासाठी नवीन धून बांधलीय ती जुन्या मॅरियनच्या धुनेशेजारी ठेवून ऐका. ऐंशीच्या माणसाकडून काय होणार म्हणणाऱ्यांनी तर नक्की ऐका.

तर माझी यादी: पहिला रेडर्स, त्याला जवळजवळ चिकटून लास्ट क्रुसेड, शेवटी क्रिस्टल स्कल, आणि मध्ये टेम्पल आणि डायल. या दोघांत माझा दरवेळी डायल वर जातो. दोरीच्या पुलाचा सीन डायलच्या कुठल्याही ॲक्शनपेक्षा भारी आहे हे मान्य करून सांगतोय. बोटीवरच्या त्या दोन मिनिटांसाठी आणि कड्यावरच्या यादीसाठी मी तो पुन्हा लावतो, आणि लावताना ट्रेन सरळ पुढे ढकलतो, १९६९ पासून सुरू करतो. आमच्यातल्या स्पीलबर्गवाल्याला मी तसाच बघायला सांगितलाय, अजून त्याने बघितलेला नाही.